फॉर्मॅट मारायच्या आधी : लिनक्सवरचं बिघडलेलं व्हर्च्युअलबॉक्स कसं दुरुस्त करायचं



आजचा विषय नावावरून रुक्ष वाटेल, पण इथे बसलेल्या बऱ्याच जणांच्या रोजच्या कामाशी त्याचा थेट संबंध आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ची चिप लागते, आणि आपल्याकडच्या जुन्या असेंबल्ड मशीनमध्ये ती बहुतेक नसते. चांगलं चालणारं मशीन भंगारात कशाला घालायचं, म्हणून अनेकांनी त्यावर उबुंटू टाकलं. ब्राउझर, मेल, पत्रव्यवहार सगळं तिथे छान चालतं. अडतं ते दोन-तीन जागी. आडत दुकानाचा हिशोब टॅलीत आहे. लग्नपत्रिका आणि फ्लेक्सवाल्याच्या फाईली कोरलड्रॉमध्ये आहेत. जुनी मराठी कागदपत्रं श्रीलिपीत आहेत. ही सगळी विंडोजची मंडळी. मग उपाय काय निघाला, तर लिनक्सच्या पोटात व्हर्च्युअलबॉक्स, आणि व्हर्च्युअलबॉक्सच्या पोटात विंडोज.

हे वर्ष-दोन वर्षं सुरळीत चालतं. मग एखाद्या संध्याकाळी अपडेट सुरू असताना लाईट जाते. सकाळी मशीन चालू होतं, लिनक्स उघडतं, पण व्हर्च्युअलबॉक्समधलं विंडोज उघडत नाही. एक चौकट येते : ‘कर्नल ड्रायव्हर नॉट इन्स्टॉल्ड’, कंसात आरसी इज इक्वल टू मायनस १९०८. आणि त्या दिवशी नेमकी १९ तारीख असते. जीएसटीचा थ्री-बी २० तारखेपर्यंत भरायचा असतो.

मशीन उचलून दुरुस्तीच्या दुकानात नेलं की पहिलं वाक्य ऐकू येतं, “फॉर्मॅट मारावं लागेल.” मंडळी, आजचं सगळं व्याख्यान या एका वाक्याच्या विरोधात आहे. या आजारात फॉर्मॅट जवळजवळ कधीच लागत नाही. उलट फॉर्मॅटमुळे जे शाबूत होतं तेही जातं.

एक सूचना. कमांड मी उच्चारून सांगणार आहे. टाईप करताना अक्षरं इंग्रजी आणि लहान लिपीतली वापरायची. जिथे मोठं अक्षर लागेल तिथे मी तसं सांगेन. डॅश म्हणजे छोटी आडवी रेघ, डबल डॅश म्हणजे तशा दोन जोडून.

घरातलं घर

आधी हे सॉफ्टवेअर काय करतं ते समजून घेऊ, कारण ते समजलं की दुरुस्ती आपोआप सुचते.

एका संगणकात दुसरा संगणक चालवायचा ही कल्पना नवी नाही. आयबीएमने १९७२ मध्ये व्हीएम ३७० ही प्रणाली बाजारात आणली, तेव्हा एका मोठ्या मशीनवर अनेकांना स्वतंत्र मशीन असल्यासारखं काम करता येत होतं. घरगुती संगणकावर हे यायला वेळ लागला. इनोटेक नावाच्या जर्मन कंपनीने जानेवारी २००७ मध्ये व्हर्च्युअलबॉक्सची मुक्त आवृत्ती खुली केली. २००८ मध्ये ही कंपनी सनने घेतली, आणि २०१० मध्ये सनच ओरॅकलकडे गेली. म्हणून आज ते ओरॅकलचं व्हर्च्युअलबॉक्स आहे.

त्याचे तीन भाग डोक्यात वेगळे ठेवा.

पहिला भाग म्हणजे खिडकी. बटणं, यादी, ‘स्टार्ट’ असं लिहिलेलं चिन्ह. हा साधा प्रोग्राम आहे.

दुसरा भाग म्हणजे कर्नेल मॉड्यूल. कर्नेल म्हणजे लिनक्सचा गाभा, जो प्रोसेसर, मेमरी, डिस्क यांच्याशी थेट बोलतो. आतलं विंडोज वेगाने चालायचं तर व्हर्च्युअलबॉक्सला प्रोसेसरपर्यंत थेट पोचावं लागतं, आणि साध्या प्रोग्रामला ती परवानगी नसते. म्हणून त्याचा एक तुकडा कर्नेलच्या आत जाऊन बसतो. त्याचं नाव व्हीबॉक्स-डीआरव्ही.

तिसरा भाग म्हणजे तुमचं विंडोज. ते तुमच्या होम फोल्डरमध्ये, ‘व्हर्च्युअलबॉक्स व्हीएम्स’ नावाच्या फोल्डरात पडून असतं. त्यात डॉट व्हीडीआय शेपटीची एक भली मोठी फाईल असते, ती म्हणजे आतल्या विंडोजची अख्खी हार्डडिस्क. शेजारी डॉट व्हीबॉक्स शेपटीची छोटी फाईल असते, तिच्यात मशीनची मांडणी लिहिलेली असते.

आता सांगा, सकाळी जे बिघडलं ते कोणतं? दुसरा भाग. तुमचा हिशोब कुठे आहे? तिसऱ्या भागात. म्हणजे तिजोरी ठीक आहे, दाराची किल्ली अडकली आहे. आणि किल्ली अडकली म्हणून कोणी घर पाडत नाही.

खुंट आणि डोळा

पण किल्ली अडकते का? आपल्या जिल्ह्यात मोसंबीची बाग नसलेलं गाव शोधावं लागेल, तेव्हा तिथलंच उदाहरण घेऊ. मोसंबीचं रोप करताना आपण जंबेरीचा किंवा रंगपूर लिंबाचा खुंट घेतो आणि त्यावर मोसंबीचा डोळा भरतो. डोळा ज्या खुंटावर भरला त्याच खुंटावर तो जगतो. उद्या तुम्ही शेजारी नवा खुंट लावला, तर जुना डोळा उडी मारून तिकडे जात नाही. नव्या खुंटावर नव्याने डोळा भरावा लागतो.

कर्नेल हा खुंट, आणि व्हीबॉक्स-डीआरव्ही हा डोळा. हे मॉड्यूल एका ठरावीक कर्नेलसाठी बांधलेलं असतं. अपडेटने नवा कर्नेल आला की ते पुन्हा बांधावं लागतं. बांधायला दोन गोष्टी लागतात : कंपायलर, आणि त्या कर्नेलच्या ‘हेडर’ फाईली. हेडर म्हणजे कर्नेलच्या आतली मापं. मापं नसतील तर सुतार चौकट बनवणार कशी?

हे काम आपोआप व्हावं म्हणून डीकेएमएस नावाची व्यवस्था आहे. डेल कंपनीच्या लोकांनी ती लिहिली. नवा कर्नेल आला की ती स्वतःच सगळी मॉड्यूलं पुन्हा बांधते. एरवी तुम्हाला काहीच कळत नाही ते यामुळे. पण नेमक्या त्या वेळी लाईट गेली, हेडर आल्या नाहीत, डिस्क भरली, किंवा नवा कर्नेल इतका नवा आहे की तुमच्या जुन्या व्हर्च्युअलबॉक्सला त्याची मापंच ठाऊक नाहीत, तर डोळा भरला जात नाही. मग मायनस १९०८.

पहिलं काम : हिशोब बाजूला काढा

दुरुस्तीला हात घालण्याआधी ‘व्हर्च्युअलबॉक्स व्हीएम्स’ हा अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. फक्त व्हीडीआय नाही, पूर्ण फोल्डर. कोणी स्नॅपशॉट घेतले असतील तर ते आतल्या ‘स्नॅपशॉट्स’ फोल्डरात असतात आणि त्यांच्याशिवाय ताजा हिशोब मिळत नाही.

इथे पेनड्राइव्हची एक गंमत आहे. बऱ्याच पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीच्या असतात. त्यावर ४ जीबीहून मोठी एक फाईल बसतच नाही, पेनड्राइव्ह ६४ जीबीची असली तरी. कॉपी मध्येच थांबते आणि माणसाला वाटतं फाईल खराब झाली. फाईल ठीक असते. एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धतीची डिस्क घ्या.

दुसरं, व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत मशीनवर राईट क्लिक करून ‘रिमूव्ह’ कधी म्हणालात तर पुढचा प्रश्न नीट वाचा. ‘रिमूव्ह ओन्ली’ने फक्त यादीतून नाव जातं. ‘डिलीट ऑल फाईल्स’ने तुमची तिजोरीच जाते. घाईत, मुदतीच्या दिवशी, हेच बटण दाबलं जातं.

आज काम उरकायचंय? जुन्या खुंटाकडे जा

समजा आज शेवटची तारीख आहे आणि दुरुस्तीला वेळच नाही. तर आज दुरुस्ती करू नका.

उबुंटू नवा कर्नेल टाकताना जुना लगेच काढत नाही. मशीन रीस्टार्ट करा. सुरू होताना एस्केप बटण टिचकवत राहा, आणि जुन्या पद्धतीच्या बायोसचं मशीन असेल तर शिफ्ट दाबून ठेवा. काळा मेनू येईल. त्यात ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स फॉर उबुंटू’ ही ओळ निवडा. आत कर्नेलची यादी असते, त्यातला आधीच्या आकड्याचा कर्नेल निवडा. व्हर्च्युअलबॉक्सची आवृत्ती मधे बदललेली नसेल तर त्या कर्नेलवर आधीचा डोळा जिवंत असतो. विंडोज उघडेल. हिशोब काढा, रिटर्न भरा, चहा घ्या. दुरुस्ती उद्या सावकाश.

अर्धवट राहिलेलं आधी पूर्ण करा

आता मूळ दुरुस्ती. लाईट गेल्यामुळे अपडेट मध्येच तुटलं असेल तर पहिल्यांदा ते पूर्ण करायचं. टर्मिनल उघडा आणि लिहा : सुडो, स्पेस, डीपीकेजी, स्पेस, डबल डॅश कॉन्फिगर, स्पेस, डॅश ए. लिनक्स प्रत्येक पॅकेजची नोंद ठेवतो, कोणतं उतरवलं, कोणतं उघडलं, कोणतं पूर्ण बसवलं. ही कमांड ती वही उघडून अर्धवट राहिलेली कामं पुरी करते. त्यानंतर : सुडो, एपीटी, डबल डॅश फिक्स डॅश ब्रोकन, इन्स्टॉल. ही एकमेकांवर अवलंबून असलेली पॅकेजं जुळवून घेते.

यात दोन अडथळे हमखास येतात. एक म्हणजे ‘कुड नॉट गेट लॉक’. याचा अर्थ मागे दुसरं अपडेट चालू आहे. दहा मिनिटं थांबा. कोणीतरी सांगतं की लॉकची फाईल डिलीट करा. ते करू नका. एकाच वहीत दोन मुनिमांनी एकदम लिहिलं तर वही बिघडते, ते टाळण्यासाठीच ते कुलूप आहे.

दुसरा अडथळा, ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. डीएफ, स्पेस, डॅश एच लिहून बघा. बूट नावाचा भाग वेगळा आणि छोटा ठेवलेला असेल तर जुन्या कर्नेलांनी तो भरतो. किंवा व्हीडीआय फाईल वाढत वाढत सगळी डिस्क खाऊन बसते. जुने कर्नेल काढायला सुडो, एपीटी, ऑटोरिमूव्ह. यादी वाचून मगच ‘हो’ म्हणा.

मॉड्यूल पुन्हा बांधणं

आता डोळा भरू. सध्या कोणता कर्नेल चालू आहे? युनेम, स्पेस, डॅश आर. जो आकडा येईल तो कागदावर लिहा. त्याच आकड्याच्या हेडर हव्यात : सुडो, एपीटी, इन्स्टॉल, लिनक्स डॅश हेडर्स डॅश आणि पुढे तो पूर्ण आकडा. सोबत कंपायलरसाठी बिल्ड डॅश इसेन्शियल हे पॅकेज.

पुढचं पाऊल टाकायच्या आधी एक प्रश्न : तुमचं व्हर्च्युअलबॉक्स आलं कुठून? कारण वाटा दोन आहेत. एक उबुंटूच्या भांडारातून, तिथे पॅकेजचं नाव नुसतं व्हर्च्युअलबॉक्स असतं आणि सोबत व्हर्च्युअलबॉक्स डॅश डीकेएमएस. दुसरी थेट ओरॅकलकडून, तिथे नावामागे आवृत्तीचा आकडा असतो. डीपीकेजी, स्पेस, डॅश एल, मग उभी रेघ, मग ग्रेप, डॅश आय, व्हर्च्युअलबॉक्स, असं लिहिलं की यादी येते. ओळीच्या सुरुवातीला दोन आय दिसले तर पॅकेज नीट बसलेलं आहे. आयच्या पुढे मोठा यू किंवा मोठा एफ दिसला तर अर्धवट आहे. आर आणि सी असेल तर ते काढलेलं आहे, फक्त त्याच्या मांडणीच्या फाईली उरल्या आहेत.

उबुंटूचं असेल तर : सुडो, डीपीकेजी डॅश रीकॉन्फिगर, व्हर्च्युअलबॉक्स डॅश डीकेएमएस. ओरॅकलचं असेल तर : सुडो, स्लॅश एसबिन स्लॅश व्हीबॉक्सकॉन्फिग. दोन-चार मिनिटं चालतं. मग सुडो, मॉडप्रोब, व्हीबॉक्सडीआरव्ही. या कमांडने काहीच उत्तर दिलं नाही तर आनंद माना, लिनक्समध्ये गप्प बसणं म्हणजे काम झालं.

बांधणी अयशस्वी झाली तर घाबरू नका, कारण लिहिलेलं असतं. ओरॅकलच्या वाटेत ते व्हार, लॉग, व्हीबॉक्स डॅश सेटअप डॉट लॉग या फाईलीत मिळतं. डीकेएमएसच्या वाटेत व्हार, लिब, डीकेएमएस या फोल्डराखाली मेक डॉट लॉग असते. ती वरून खाली वाचत जा आणि ‘एरर’ शब्दाची पहिली ओळ शोधा. खरं कारण तिथे असतं; त्याखालच्या बाकी ओळी त्याच्याच परिणाम असतात. ‘हेडर सापडल्या नाहीत’ असं असेल तर मागच्या पायरीवर जा. भलत्याच फंक्शनची नावं आणि जुळत नसल्याच्या तक्रारी असतील, तर बहुधा कर्नेल नवा आणि व्हर्च्युअलबॉक्स जुनं आहे.

हे आपल्याकडे बऱ्याच जणांना अनुभवायला आलं. उबुंटू २४.०४ मध्ये सुरुवातीला ६.८ चा कर्नेल होता. ऑगस्ट २०२५ च्या २४.०४.३ आवृत्तीत तो ६.१४ झाला. उबुंटू तेच, पडद्यावरचं चित्र तेच, पण खालचा खुंट पार बदललेला. अशा वेळी उपाय एकच, व्हर्च्युअलबॉक्सची त्या कर्नेलला ओळखणारी नवी आवृत्ती घेणं. ती येईपर्यंत जुन्या कर्नेलवर काम करणं.

सही नसलेला पाहुणा

कधी कधी मॉड्यूल व्यवस्थित बांधलं जातं आणि तरी आत घेतलं जात नाही. मॉडप्रोब सांगतं, ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’. हा सिक्युअर बूटचा पहारेकरी आहे. मशीनमध्ये सिक्युअर बूट चालू असेल तर ओळखीची सही नसलेलं कोणतंही मॉड्यूल कर्नेल आत घेत नाही. तुम्ही घरी बांधलेल्या मॉड्यूलवर कोणाची सही असणार? तर तुमचीच. आणि ती सही मशीनला एकदा ओळखवून द्यावी लागते.

पहारेकरी जागा आहे का ते बघा : मोकयुटिल, स्पेस, डबल डॅश एसबी डॅश स्टेट. ‘इनेबल्ड’ आलं तर : सुडो, मोकयुटिल, डबल डॅश इम्पोर्ट, आणि पुढे व्हार, लिब, शिम डॅश साइन्ड, मोक या फोल्डरातली मोक डॉट डीईआर फाईल. यातलं फाईलीच्या नावातलं मोक मोठ्या अक्षरांत आहे, फोल्डरातलं लहान. एक पासवर्ड विचारला जाईल. तो फक्त एकदाच वापरायचा आहे, साधा ठेवा आणि कागदावर लिहा.

मग रीस्टार्ट करा आणि पडद्यासमोरून हलू नका. एक निळा पडदा येतो. लोक इथेच घाबरतात, व्हायरस आला म्हणून मशीन बंद करतात, किंवा चहाला जातात. काही सेकंदांत कोणतंही बटण दाबलं नाही तर तो पडदा निघून जातो आणि मोकयुटिलपासून पुन्हा सुरुवात करावी लागते. बटण दाबा, ‘एनरोल मोक’ निवडा, मग ‘कंटिन्यू’, मग ‘यस’, मग तो पासवर्ड, मग रीबूट. संपलं.

कोणी म्हणेल, सिक्युअर बूटच बंद करून टाकू. करता येतं. पण त्याच मशीनवर वेगळ्या पार्टिशनमध्ये विंडोज असेल आणि त्यावर बिटलॉकर असेल, तर सिक्युअर बूट बंद केल्यावर ते विंडोज रिकव्हरी की मागू शकतं. ४८ आकडी की असते ती. हाताशी नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

एका प्रोसेसरवर दोन दावेदार

आणखी एक दुखणं हल्ली वाढलंय. मॉड्यूल ठीक आहे, खिडकी उघडते, पण स्टार्ट दाबलं की संदेश येतो, ‘व्हीटी-एक्स दुसऱ्या हायपरवायझरच्या ताब्यात आहे’.

हा दुसरा म्हणजे केव्हीएम. लिनक्सच्या कर्नेलमध्येच ही आभासी मशीन चालवण्याची सोय आहे. व्हर्च्युअलबॉक्स जानेवारी २००७ मध्ये खुलं झालं आणि पुढच्याच महिन्यात, कर्नेल २.६.२० मध्ये, केव्हीएम दाखल झालं. पूर्वी केव्हीएम जागच्या जागी गप्प बसायचं आणि त्याचं एखादं मशीन सुरू झालं तरच प्रोसेसरची ती सुविधा हातात घ्यायचं. नोव्हेंबर २०२४ च्या ६.१२ कर्नेलपासून ते स्वतः आत येतानाच ती सुविधा ताब्यात घेतं. मग व्हर्च्युअलबॉक्स दारात उभं.

तात्पुरता उपाय : सुडो, मॉडप्रोब, डॅश आर, आणि पुढे इंटेलच्या मशीनवर केव्हीएम अंडरस्कोअर इंटेल, एएमडीच्या मशीनवर केव्हीएम अंडरस्कोअर एएमडी. पुन्हा सुरू केल्यावर परत तेच होईल. कायमचा उपाय म्हणजे ग्रबच्या मांडणीत कर्नेलला एक सूचना लिहिणं : केव्हीएम, टिंब, इनेबल अंडरस्कोअर व्हर्ट अंडरस्कोअर ॲट अंडरस्कोअर लोड, बरोबरचं चिन्ह, शून्य. मग सुडो, अपडेट डॅश ग्रब. यामुळे केव्हीएम निघून जात नाही, फक्त पूर्वीसारखं गरज लागेपर्यंत थांबतं.

आणि तो छोटा सेल

शेवटचं कारण सॉफ्टवेअरचं नाहीच. मदरबोर्डवर नाण्याएवढा सेल असतो, सीआर २०३२. पाच-सात वर्षांनी तो संपतो. मग लाईट जाऊन आली की बायोसची मांडणी मूळपदावर जाते, आणि बऱ्याच मशीनच्या मूळ मांडणीत व्हर्च्युअलायझेशन बंद असतं. ओळखायची खूण सोपी : घड्याळ मागच्या कुठल्या तरी वर्षात गेलेलं असतं आणि ब्राउझर प्रत्येक साईटवर सुरक्षेची तक्रार करतो. सेल बदला, बायोसमध्ये जाऊन इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी किंवा एएमडीचं एसव्हीएम चालू करा. किरकोळ खर्चात काम होतं, आणि यासाठी लोकांनी अख्खी मशीन फॉर्मॅट केलेली आहेत.

खरोखरच नव्याने टाकायचं झालं तर

कोणीतरी उबुंटूचं आणि ओरॅकलचं, दोन्ही एकावर एक टाकून घोळ घातला असेल, तर मात्र साफ करून एकच ठेवावं. सुडो, एपीटी, पर्ज, आणि मघाच्या यादीत दिसलेली पॅकेजांची नावं. मग एकाच वाटेने पुन्हा इन्स्टॉल. पर्जने होम फोल्डरला हात लागत नाही, तुमचं विंडोज जिथल्या तिथे राहतं. खिडकीत ते दिसलं नाही तर ‘न्यू’ दाबू नका, ‘ॲड’ दाबा आणि त्या फोल्डरातली डॉट व्हीबॉक्स फाईल दाखवा. ‘न्यू’ केलंत तर आतल्या विंडोजला वाटतं आपण दुसऱ्याच मशीनवर आलो, आणि ते पुन्हा ॲक्टिव्हेशन मागू शकतं.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : सर, सगळं चालू झालं, पण डिजिटल सहीचं यूएसबी टोकन आतल्या विंडोजला दिसत नाही.*

तुमचं नाव व्हीबॉक्सयूजर्स या गटात नसेल. सुडो, यूजरमॉड, डॅश ए आणि मोठा जी, मग व्हीबॉक्सयूजर्स, मग तुमचं यूजर नाव. त्यानंतर लॉगआउट करून पुन्हा आत या, नाहीतर फरक पडत नाही. मग मशीनच्या यूएसबीच्या मांडणीत ते टोकन जोडा.

*प्रश्न : एक्स्टेन्शन पॅक टाकावा का?*

यूएसबी २ आणि ३ साठी पूर्वी तो लागायचा. आवृत्ती ७.० पासून ती सोय मूळ पॅकेजमध्येच आहे. मूळ पॅकेज जीपीएल परवान्याखाली आहे, कार्यालयातही निर्धास्त वापरा. एक्स्टेन्शन पॅक मात्र वैयक्तिक आणि शैक्षणिक वापरालाच मोफत आहे, धंद्यासाठी परवाना घ्यावा लागतो. गरज नसेल तर टाकू नका. आणि आतल्या विंडोजलाही स्वतःचा परवाना लागतोच, ते पेटीत आहे म्हणून सुटका नाही.

*प्रश्न : आम्ही बायका बचतगटाचा हिशोब ठेवतो. आमच्यात कमांड लिहिणारं कोणी नाही. आम्ही काय करायचं?*

ताई, तुमचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. तीन सवयी लावा, कमांड एकही नाही. एक, यूपीएस नसेल तर आणि महिन्याच्या मुदतीच्या तारखा जवळ असतील तर अपडेटचं बटण दाबायचं नाही. ११ आणि २० तारीख होऊन जाऊ द्या, मग निवांत दुपारी करा. अपडेट टाळायचं नाही, वेळ निवडायची. दोन, महिन्यातून एकदा आतलं विंडोज नीट बंद करून तो अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवायचा, आणि हिशोबाच्या प्रोग्रामचा स्वतःचा बॅकअप वेगळा घ्यायचा. तीन, मशीन दुकानात द्यावं लागलं तर एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून वर चिकटवायचं : ‘विचारल्याशिवाय फॉर्मॅट करू नये. व्हर्च्युअलबॉक्स व्हीएम्स या फोल्डरात हिशोब आहे.’ दुकानदार चांगलाच असतो, त्याला फक्त माहीत नसतं की तुमची तिजोरी नेमकी कुठे आहे. हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे.

*प्रश्न : हे मराठीत शिकायला कुठे मिळेल?*

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्सवरचे धडे मराठी आवाजात आहेत, तेही मोफत. इथल्या तंत्रनिकेतनच्या आणि आयटीआयच्या मुलांना माझं एक सांगणं आहे. तुमच्या घरातल्या जुन्या मशीनवर लिनक्स टाका, त्यात व्हर्च्युअलबॉक्स टाका, आतमध्ये कामाचं काही ठेवू नका, आणि मुद्दाम बिघडवा. हेडर काढून टाका, नवा कर्नेल घ्या, मायनस १९०८ स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि दुरुस्त करा. चार वेळा केलंत की आपल्या तालुक्यात असं मशीन आल्यावर “फॉर्मॅट मारावं लागेल” असं न म्हणणारा एक माणूस तयार झालेला असेल. आज त्याचीच गरज आहे.

थांबतो. पुढच्या प्रश्नांसाठी खाली बसतो, ज्यांनी मशीन आणलंय त्यांनी समोरच्या टेबलावर ठेवा.